काजळाच्या मिशा

मी तिला शोधायला गेले नव्हते. फोननेच तिला माझ्यासमोर आणलं. एवढं आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू लंगडी आहे आणि माझ्या वतीने बोलणारी ही एकच गोष्ट आहे.

आमचं समुपदेशन केंद्र दाल बाजारात आहे, एका आडत्याच्या दुकानावर. दोन खोल्या आणि एक अरुंद जिना. जिन्यात कायम डाळीची बारीक धूळ तरंगत असते. वर येणारी प्रत्येक बाई आधी शिंकते आणि मग रडते, असं आमच्या बाई म्हणतात. बाई म्हणजे हे केंद्र सुरू करणाऱ्या. आता पंचाहत्तरीच्या आहेत, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, आणि केंद्रात अजूनही सगळ्यांच्या आधी येऊन बसणाऱ्या. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती कॉलेजात जाते आणि माझ्याशी अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत बोलते. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी स्वतः पुण्याच्या मावसबहिणीला ‘भाजी छान बनली आहे’ म्हणते आणि ती दिवसभर हसते. आम्ही लश्करचे, हिंदी मुलखातल्या या शहरात वाढलेले मराठी असेच आहोत.

बाईंचे नियम थोडे होते पण पक्के होते. फायली कपाटात आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. येणारी कितीही लहान असो, तिला ‘तुम्ही’ म्हणायचं. आणि रस्त्यात कुणी भेटली, तर आधी तिने ओळख दाखवली तरच आपण दाखवायची. हा शेवटचा नियम लश्करात पाळणं म्हणजे परीक्षाच. कोथिंबीर आणायला बाहेर पडलं की दोघी-तिघी भेटणारच. एकदा बाड्यावरच्या, म्हणजे मुख्य चौकातल्या, साडीच्या दुकानात आमच्याकडे येणारी एक बाई तिच्या नणंदेबरोबर माझ्या शेजारीच बसली होती. अर्धा तास मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी मला आवडलेली जांभळी साडी तीच घेऊन गेली आणि मला ‘अहो, ती मी बाजूला ठेवली होती’ एवढंही म्हणता आलं नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “शाब्बास. साडी काय, दुसरी मिळेल.”

फोनबद्दल मात्र बाईंनी काही नियम केला नव्हता. त्यांचा स्वतःचा फोन मोठ्या आकड्यांचा, फक्त बोलण्यापुरता. आणि आम्हाला वाटायचं, आम्ही शहाण्या आहोत, आम्हाला कळतं.

ती पहिल्यांदा आली ती गणपती उठल्यावर, वडिलांबरोबर. पुढे जायच्या आधी सांगते, तिच्याबद्दलचा हा सगळा मजकूर मी तिला वाचून दाखवला आहे. दोन जागा तिने काढायला लावल्या, त्या मी काढल्या. “मिशांबद्दल मात्र लिहाच,” असंही म्हणाली.

तिच्या वडिलांचं टोपी बाजारात छोटं दुकान आहे, फेटे, पगड्या आणि लग्नाच्या सेहऱ्यांचं. राहायला शिंदे की छावनीत. मूळचं घराणं फौजेतलं. “पणजोबा तलवार बांधायचे, मी फेटे बांधतो,” काका, म्हणजे तिचे वडील, पहिल्याच भेटीत म्हणाले आणि स्वतःच हसले. मुलगी हसली नाही. ती ओढणीचं टोक उजव्या हाताच्या तर्जनीला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

तीन वर्षांपूर्वी तिचं इंदूरला लग्न झालं होतं. होळीला नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं, ते परत न्यायला आला नाही. मारहाण नव्हती, मागण्या नव्हत्या. सासरचे म्हणत होते की हिचं डोकं ठिकाणावर नाही, दिवस दिवस खोलीत बसून राहते, कुणाशी बोलत नाही. तिचं म्हणणं काय होतं ते पहिल्या तीन भेटींत मला कळलंच नाही. डॉक्टरांचं औषध सुरू होतं. मी विचारायची, ती ‘हो’ म्हणायची, ‘नाही’ म्हणायची, नाहीतर ‘तसंच’ म्हणायची. चौथ्या भेटीत एक वाक्य पूर्ण बोलली.

“मी घराबाहेर पडतच नाही, ताई. कोणी बघितलं की वाटतं, यांना सगळं माहीत आहे.”

मी ते वाक्य फायलीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मला बरं वाटलं होतं. दार किलकिलं झालं असं वाटलं होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी डबा उघडून बसले होते, बाई बँकेत गेल्या होत्या. जेवताना फोन बघायची वाईट सवय मला आहे. तर फोनने खाली एक ओळ दाखवली, ‘तुम्ही यांना ओळखत असाल’, आणि एका गोलात एक चेहरा. डोक्यावर केशरी फेटा, डोळ्यांवर काळा गॉगल, ओठांवर काजळाने काढलेल्या झुबकेदार मिशा. नाव भलतंच काहीतरी. मी कशाला ओळखणार असल्या माणसाला? पुढे जाणार तेवढ्यात तो चेहरा हलला. फेट्याचा शेमला पाठीवर सोडण्याआधी त्या माणसाने त्याचं टोक उजव्या तर्जनीला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

माझ्या फोनमध्ये तिचा नंबर होता. भेटीची वेळ कळवायला घेतलेला. फोनने आपल्या डोक्याने दोन टोकं जोडली आणि ती माझ्यापुढे आणून ठेवली होती.

इथे फोन खाली ठेवायला हवा होता. मी ठेवला नाही. एक पाहिलं, मग दुसरं, मग खाली खाली जात राहिले. ती फेटे बांधत होती. स्वतःच्या डोक्यावर, मडक्यावर, एकदा तर शिवणयंत्राच्या चाकावर. लांबलचक कापडाचं एक टोक कुणीतरी बाहेरून धरलेलं असायचं आणि ती गिरकी घेत घेत त्या कापडात शिरायची. मग आवाज जाड करून, मिशीवर ताव देत म्हणायची, “दूल्हे राजा, हिलना मत! हिले तो बारात लौट जाएगी.” मी एकटीच त्या खोलीत मोठ्याने हसले.

हसून झाल्यावर मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. हीच का ती, घराबाहेर न पडणारी? हीच का ती, जिला कुणी बघितलेलं चालत नाही? सगळं गाव बघतंय हिला. मला फसवल्यासारखं वाटलं. चार भेटी मी तिच्यासमोर श्वास रोखून बसले होते, आणि ही इथे गिरक्या घेतेय.

पुढच्या मंगळवारी ती आली. मी नेहमीसारखं पाणी दिलं, पंखा कमी केला आणि नेहमीसारख्याच आवाजात विचारलं, “हल्ली बाहेर पडता का थोडंफार?”

“नाही, ताई.”

“कुठेच नाही? दुकानातसुद्धा?”

तिने वर पाहिलं. क्षणभर काहीतरी सांगेल असं वाटलं. मग खाली बघून म्हणाली, “तसंच.”

ती गेल्यावर मी फायलीत लिहिलं: माहिती देताना मोकळी वाटत नाही. काही गोष्टी लपवत असावी.

आणि फोनवर बघत राहिले. रोज. डबा उघडला की ते उघडायचं. स्वतःला सांगत होते की हे कामाचंच आहे, तिला समजून घेण्यासाठीच आहे. एका दुपारी स्क्रीनवर वरणाचा थेंब पडला. मी अंगठ्याने पुसला, एकदा, दोनदा. स्क्रीनच्या मधोमध एक लाल बदाम फुगून वर आला.

माझ्या हातून घास खाली पडला. मी तो बदाम काढून टाकला, फोन बंद केला, परत चालू केला, जणू त्याने काही होणार होतं. मग मुलीला फोन लावला.

“मम्मा, पोस्ट कितना पुराना था?”

“दसऱ्याचा.”

“म्हणजे तू इतनी नीचे तक गेली होतीस!” ती हसायलाच लागली. “अब तो उसको पता चल गया ना, की तू सगळं बघत होतीस.”

“मी लगेच काढलं गं.”

“उससे क्या होता है? नोटिफिकेशन तर गेलंच. तुझं नाव, तुझा फोटो, सब.” मग तिचं हसू थांबलं. “मम्मा? कोण आहे ती? क्लायंट है क्या?”

मी डब्याचं झाकण लावत राहिले. ती म्हणाली, “ओह,” आणि मग हळूच, “जेवून घे, मम्मा.”

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकांना फोन केला तर म्हणाले, “तिला जरा बरं नाही, ताई,” आणि काका कधी इतकं कमी बोलत नसत.

तेव्हा मी बाईंना सांगितलं. बाई मटर सोलत बसल्या होत्या. हिवाळ्यात त्या घरचे मटर केंद्रात आणून सोलतात, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत आणि कान मोकळे राहतात. मी वरणाच्या थेंबापर्यंत सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “फाईल आण. शेवटचं काय लिहिलंयस ते वाच.”

मी वाचलं.

“लपवत असावी, हे कुठल्या भेटीत कळलं तुला?”

“भेटीत नाही कळलं, बाई.”

“मग फायलीत कसं आलं?”

मला वाईट वाटत होतं, आणि मी वाद घालायला लागले. म्हणाले, तिने ते चोरून ठेवलं नव्हतं. सगळ्यांसाठीच टाकलं होतं.

“सगळ्यांसाठी,” बाई म्हणाल्या. “तू सगळ्यांत येत नाहीस. तिच्या गल्लीतल्या माणसाने बघितलं तर तो बघून हसतो आणि विसरतो. तू बघितलंस आणि कपाटात ठेवायच्या कागदावर लिहिलंस.” त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. “दार उघडं होतं, मान्य. तू आत जाऊन तिच्या ताटात काय वाढलंय ते बघून आलीस. तेही एक वेळ समजू शकते. पण मग बाहेर येऊन तिलाच विचारलंस, आज काय जेवलात? आणि ती काय सांगते ते तपासत बसलीस.”

मी रडायला लागले. बाईंनी शेंगांची परात माझ्या बाजूला थोडी सरकवली, म्हणजे मीही सोलायला घ्यावं. जरा वेळाने म्हणाल्या, “मी पण केलंय हे. तेव्हा फोन नव्हते, शेजारणी होत्या. एका बाईबद्दल मी तिच्या शेजारणीला विचारलं होतं. चांगल्याच हेतूने. ती बाई परत आली नाही. मी तिच्याकडे गेले नाही, मला लाज वाटली. तू जा. पण आधी फोन करून विचार, येऊ का म्हणून. नाही म्हणाली तर जाऊ नकोस.”

मी विचारलं. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, “दुकानात या. सकाळी. बाजार उघडायच्या आधी.”

टोपी बाजारात सकाळी नऊला शटर खाली असतात, झाडूवाले आणि चहावाला एवढेच जागे. काकांच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत गेले. काका गादीवर बसून एका लाकडी ठोकळ्यावर पगडी चढवत होते, आणि मी प्रथमच पाहिलं की त्यांचे हात थरथरतात. घडी बसवायचे, ती निसटायची, परत बसवायचे. त्यांनी मला पाहून मान हलवली, नेहमीसारखं ‘या या’ म्हणाले नाहीत. वर माळ्याकडे बोट दाखवलं.

शिडी चढून गेले. माळ्यावर कापडाचे तागे, एक शिवणयंत्र, भिंतीला डाग पडलेला आरसा. फोनमध्ये पाहिलेली सगळी जागा. मला ती जागा माहीत असल्याचीच लाज वाटली. ती तागे सरकवून मला बसायला जागा करत होती. काजळ नव्हतं, गॉगल नव्हता.

मी तयारी करून आले होते ते सगळं विसरले. म्हणाले, “मी चुकले. तुम्हाला न विचारता बघितलं, बरेच दिवस बघितलं, आणि मग तुम्हालाच खोटं ठरवायला बसले. फायलीतही तसं लिहिलं. त्याची माफी मागायला आलेय.”

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती. “मी खोटं बोलले नाही, ताई,” ती म्हणाली. “मी सकाळी बाबांबरोबर तोंड बांधून येते, बाजार उघडायच्या आत. संध्याकाळी अंधार पडला की तशीच जाते. दिवसभर या माळ्यावर. याला बाहेर पडणं म्हणतात का?”

मी तिने करून दिलेल्या जागेवर बसले.

मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि एरवी पाच भेटींत जेवढी बोलली नव्हती तेवढी त्या एका सकाळी बोलली. काकांच्या हातांना कंप सुरू झाला तो उन्हाळ्यात. लग्नाच्या ऑर्डरी घेतलेल्या. कुणाला कळू नये म्हणून ती माळ्यावर बसून बांधायची आणि काका खाली ‘मी बांधलं’ म्हणून द्यायचे. दसऱ्याच्या दिवशी ती अशीच आरशासमोर एक फेटा स्वतःच्या डोक्यावर बसवून बघत होती. काका शिडीवरून डोकं वर काढून म्हणाले, मिशा पाहिजेत बुवा, मिशांशिवाय हा फेटा शोभत नाही, आणि काजळाची डबी शोधून आपल्या थरथरत्या हाताने त्यांनी तिला मिशा काढल्या. त्या इतक्या वाकड्या आल्या की दोघं हसत सुटले.

“होळीनंतर मी पहिल्यांदा हसले होते,” ती म्हणाली. “बाबांनीच फोन काढला. म्हणाले, हे जाऊ द्यायचं नाही, धरून ठेवू. मग त्यांना रोजच पाहिजे झालं. कापडाचं दुसरं टोक तेच धरतात.”

खाली काकांच्या खोकल्याचा आवाज आला. ते ऐकत होते हे उघड होतं.

“तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. “मला सांगायचंच होतं. तुम्हाला दाखवायला एक व्हिडिओ निवडून पण ठेवला होता, सगळ्यात चांगला. मडक्यावरचा. वाटलं होतं, ताई हसतील. आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत, दुकानातसुद्धा नाही का? तेव्हा कळलं नाही. बदाम दिसला तेव्हा कळलं.”

मला आजवर लोकांनी बरंच काही ऐकवलं आहे. हे सगळ्यात मऊ आवाजात सांगितलेलं होतं आणि सगळ्यात जास्त लागलं.

“मडक्यावरचा मी पाहिला आहे,” मी म्हणाले. “आणि हसले होते. खूप.”

“मग आता परत बघा,” ती म्हणाली, “मी दाखवते.” तिने फोन काढून माझ्या हातात दिला. मी परत हसले, आणि खरंच हसले, आणि ती माझं हसू बघत होती. काकांनी चहा वर पाठवला, म्हणजे स्वतःच शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून हात उंच करून दिला. बशीत निम्मा सांडलेला होता.

ती परत यायला लागली. पहिल्याच भेटीत मी फाईल तिच्यासमोर उघडली, ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं की ही नोंद माझ्या चुकीने झाली. सही केली. तिने वाकून वाचलं. “सासरच्यांना यातलं काही सांगायचं का?” मी विचारलं. तिने मान हलवली. नाही. मग मीही तो विषय बंद केला.

माघात दोन्ही घरांची एकत्र बैठक ठरली. इंदूरहून नवरा आणि सासूबाई आल्या. सासूबाई जिन्यातच तीनदा शिंकल्या. नवरा शांत माणूस, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आणि हातातली पाण्याची बाटली फिरवत राहिला. बाईंनी सुरुवात केली, दोन-चार वाक्यं झाली असतील, एवढ्यात सासूबाईंनी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

“हे बघा आधी. भाचीने दाखवलं मला. आजारी आहे म्हणे! मिशा लावून नाचतेय. आम्हाला वेड्यात काढलं हिने. घराबाहेर पडत नाही म्हणते आणि सगळं गाव बघतंय हिला.”

सगळं गाव बघतंय हिला. माझ्या मनातलं वाक्य, शब्दाचाही फरक नाही. मी सासूबाईंवर रागवायला तोंड उघडलं होतं, पण रागवणार कोणत्या तोंडाने? मी एवढंच म्हणाले, “आई, मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. मी चुकले होते. त्यांनाच विचारू या.”

ती ओढणीचं टोक गुंडाळत होती. मग थांबली. टेबलावरचा फोन उचलून तिने सासूबाईंच्या समोर धरला, जवळ, नीट दिसेल असा.

“आई, ही डावी मिशी बघा. उजवीपेक्षा जाड आहे ना? त्या दिवशी मी मध्येच रडले होते. अर्धी मिशी पुसली गेली. मग परत काढली, म्हणून जाड आलीय. नाचायच्या आधी पण रडले आणि नंतर पण. मधलं एवढंच तुम्हाला दिसतंय.”

सासूबाईंनी वाकून ती मिशी बघितली. फोन नवऱ्याकडे गेला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि पूर्ण पाहिला. मग पुन्हा लावला. खोलीत तिचाच जाड आवाज घुमला, “दूल्हे राजा, हिलना मत!” आणि कुणी हसलं नाही.

“आपल्या घरी ही अशी कधी हसली नाही,” तो म्हणाला.

“तेच तर म्हणतेय मी!” सासूबाई.

“नाही, आई. तू ते वेगळं म्हणतेयस.”

त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, “मला नाही जमलं.” एवढंच. तिने मान हलवली. मला वाटतं, तीन वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

आणखी दोन बैठका झाल्या. वेगळं व्हायचं ठरलं, भांडण न करता. तिचं सामान परत आलं, त्यात तिच्या आईचं जुनं पोळपाट-लाटणं होतं, तेवढं मिळालं म्हणून ती खूश होती. शेवटच्या दिवशी सासूबाई जिन्याशी थांबल्या आणि तिच्या गालाला हात लावून उतरल्या.

हे सगळं होत असताना आमच्या केंद्राला मदत करणारे एक गृहस्थ भेटायला आले. भला माणूस. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. म्हणाले, केंद्राच्या पानावर हिचीच गोष्ट टाकू, तिलाच बोलायला सांगू, लोक जोडले जातील. माझ्या मनात क्षणभर आलं की विचारून तर बघू. बाई म्हणाल्या, “विचारायचंसुद्धा नाही. आपल्याला ती ‘नाही’ कशी म्हणणार?” गृहस्थ जरा नाराज होऊन गेले. चहा मात्र पिऊन गेले.

गंमत म्हणजे विचारलं तिनेच. एक दिवस तिचा मेसेज आला: ताई, मी तुमच्याबद्दल एका व्हिडिओत सांगू का? नाव घेणार नाही, आधी विचारतेय. सोबत मला जोडून घेण्याची विनंतीही आली होती. दोन्हींना मी नाही म्हणाले. फोनवर नाही, ती आल्यावर समोर बसून. म्हणाले, “मला तुमचे व्हिडिओ फार आवडतात. पण मी तिथे आले की तुम्ही मिशा काढताना विचार कराल, ताई काय म्हणतील. तुम्ही तो विचार करायला नको.”

ती विचार करत बसली. मग म्हणाली, “मी ऑलरेडी करते.” आणि जरा वेळाने, “पण कमी करेन.”

चैत्रात, शेवटच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दुपारी, दोघं बापलेक केंद्रात आले. काकांच्या काखेत गुलाबी कापडाची घडी होती. बाईंना फेटा बांधायचा आहे, म्हणाले. बाई म्हणाल्या, “मी काय नवरदेव आहे का?” पण खुर्ची सरळ करून बसल्या. काकांनी सुरुवात केली, दोन वेढ्यांनंतर हात थांबेनात, तेव्हा त्यांनी कापड मुलीच्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून दारापर्यंत मागे गेले. तिने बांधायला घेतला. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, पांढरे केस हळूहळू गुलाबी कापडाखाली जात होते.

“आपला एक फोटो घेऊ, बाई?” तिने विचारलं. “फक्त माझ्यासाठी.”

“घ्या. पण मला दाखवायचा.”

घेतला. बाईंनी चष्मा लावून पाहिला. “हा नको. दात दिसतायत.” दुसरा घेतला. “यात मी रागावल्यासारखी दिसते.” तिसऱ्यात हनुवटी चुकली, चौथ्यात काकांचा अंगठा आला. पाचवा पसंत पडला, बाकीचे चार त्यांनी समोर बसून पुसायला लावले आणि खरंच पुसले का ते बघितलं.

ते दोघं गेल्यावर जिन्यात शिंक ऐकू आली. चारची वेळ दिलेली नवीन बाई होती. मी तिला आत घेतलं, ती खुर्चीत बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. बाई तिच्यासमोर जाऊन बसल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला. “बोला,” म्हणाल्या, “घाई नाही.”

तिने पदर खाली केला, बाईंकडे पाहिलं आणि रडायची थांबली. बाईंना काही कळेना. त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा शेमला खांद्यावरून पुढे आला, आणि मग त्यांचा हात डोक्याकडे गेला.